तीन किलोचं मशीन आणि एक शाल

४ जानेवारी

ती. भावोजींना,
नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. जायला आपल्या दोघांच्या मागे आता उरलंय तरी कोण! ताईला जाऊन अडीच वर्षं झाली. तेवढ्या काळात मी तुम्हाला निदान चाळीस वेळा फोन केला असेल. टेलिफोनच्या चौकशी खात्यात सव्वीस वर्षं काढली, जगाला नंबर शोधून दिले, आणि माझ्याच भावोजींना माझा फोन लागत नाही. म्हणून हे पत्र. शिवाय एक पाकीट पाठवायचंच होतं, तर त्याबरोबर चार ओळी.

काम असं आहे. माझं कॉफीचं दुकान तुम्ही पाहिलेलं आहे. ताईबरोबर एकदा आला होतात आणि खुर्च्या डुगडुगतात एवढंच बोलून गेला होतात. अजून डुगडुगतात. सहा टेबलं, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान. मला दाणे भाजून देणारा माणूस मार्चअखेर धंदा बंद करतोय. मोठ्या कंपनीचे भाजलेले दाणे घेतले तर कप परवडत नाही, आणि ती चव तर काय, कुठल्याही स्टेशनावर मिळते. तेव्हा मी स्वतःच भाजायचं ठरवलंय. छोटंसंच, पण धंद्याचं मशीन घ्यायचं. फंडाचे थोडे पैसे आहेत. आकडा लिहीत नाही, तुम्ही हसाल. त्यात एकच मशीन येईल, आणि ते चुकलं तर दुसरं येणार नाही. मग दुकानाला कुलूप आणि मी घरात. घरात बसण्याची मला भीती वाटते भावोजी, स्पष्टच लिहिते.

तुम्ही चाळीस वर्षं दाणे भाजलेत. ताई म्हणायची, आमच्या ह्यांना नाकाने कांदे सोलायची सवय, पण कॉफीच्या बाबतीत ते नाक कधी खोटं बोलत नाही. तुमचं मशीन विकलंत असं कुणीतरी म्हणालं. खरं का?

सोबत पाकीट नंबर एक. मशीन नवं कोरं, आरशासारखं चकचकीत, आणि माझ्या आवाक्यातलं. दुकानदाराने माझ्यासमोर भाजून दिलेले हे दाणे आहेत. वास घ्या, चावून बघा आणि सांगा, घेऊ की नको. यापुढे जे मशीन बघेन त्याचं पाकीट पाठवत जाईन.

जेवता ना वेळेवर?

तुमची,
धाकटी


१६ जानेवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

पाकीट मिळालं. मी बरा आहे. जेवतो.

ते मशीन घेऊ नकोस. दाणे बाहेरून काळे आणि आतून फिके आहेत, दाताखाली फोडून बघ. म्हणजे ड्रमचा पत्रा पातळ आणि आच थेट दाण्याला लागते. आरशासारखं मशीन केस विंचरायला बरं.

आता नीट ऐक. उंटावरून शेळ्या हाकतोय, पण हाकू दे. तुझ्या सहा टेबलांना दिवसाला दोन किलो पुरे. तेव्हा एका वेळी तीन किलो भाजणारं मशीन बघ. एक किलोवालं घेतलंस तर दिवसभर त्याच्यापुढे उभी राहशील. दहा किलोवालं घेतलंस तर ते रोज अर्धपोटी चालवावं लागेल, आणि अर्धपोटी मशीन माणसासारखंच चिडतं. जुनं चालेल, जुन्याचा ड्रम जाड असतो. बंद मशीन हाताने फिरव आणि कान लाव. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं. ड्रमला तडा दिसला तर विकणाऱ्याला नमस्कार करून घरी ये.

सगळे पैसे मशीनवर घालू नकोस. धुराडं आहे, गॅसची जोडणी आहे, आणि पहिल्या महिन्यात तू जे दाणे जाळशील ते आहेत. त्यासाठी तिसरा हिस्सा बाजूला काढ. लाँड्रीवाल्याला आधी विचार. त्याच्या धुतलेल्या चादरींना धूर लागला तर तो तुला सुखाने जगू देणार नाही.

आणखी एक. दाण्यांचं पाकीट साबणाशेजारी, मसाल्याशेजारी ठेवू नकोस. कॉफी शेजाऱ्याचा वास घेते. हे गिऱ्हाइकांना चाळीस वर्षं सांगत आलो, आता तुला सांगतो.

फोन मी काढून टाकलाय. पत्र चालेल.

भावोजी


३ फेब्रुवारी

ती. भावोजींना नमस्कार.

पत्र काय, हुकूमनामाच! पण बरं वाटलं. मशीन विकलंत का, हा माझा प्रश्न मात्र तुम्ही सराईतपणे गिळलात. असू दे.

लाँड्रीवाला तयार आहे. धुराडं छपराच्या वर चार हात न्यायचं आणि त्याला रोज एक कप फुकट, या बोलीवर. आणि मशीन सापडलंय! एका बंद पडलेल्या बेकरीच्या मागच्या शेडमध्ये आहे. तीन किलोचं, ड्रम असा जाड की बोटाने वाजवला तर बोटच दुखतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे हाताने फिरवून कान लावला. बेकरीवाल्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. खरखर नाही, तडा नाही. त्याने तिथेच दाणे भाजून दिले, धुराने खोकाल म्हणून मला दाराबाहेर बसवून. ते पाकीट नंबर दोन सोबत आहे. शेडमध्ये काहीतरी उग्र वाटलं, पण तिथे पोती रचलेली होती आणि मला इतकी सर्दी होती की माझ्या नाकाला विचारण्यात अर्थ नव्हता. तेव्हा हा निर्णय सगळा तुमच्या नाकावर. तुम्ही घे म्हणालात की मी इसार देणार.

दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं, हे पत्र त्याच वेळात लिहितेय. नोकरीत होते तेव्हा दिवसभर कानात माणसं असायची. कुणाला दवाखान्याचा नंबर हवा, कुणाला हरवलेल्या मावशीचा. निवृत्त झाले त्या दिवशी लक्षात आलं की हजारो आवाज ओळखीचे आहेत आणि चेहरा एकही नाही. आता घरी गेले की मी कधीकधी विजेचं बिल मोठ्याने वाचते. हसू नका. घराला आवाज लागतो.

ताई असती तर तिला हे लिहिलं असतं. तुम्हाला लिहितेय, चालवून घ्या.

तुमची,
धाकटी


१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

पाकीट नंबर दोन मिळालं. उघडलं आणि खोली भरून गेली. गोडसर, भाजलेल्या बदामासारखा वास, मागून थोडा गुळचट. कुठे जळकेपणा नाही. दाणा एकसारखा उतरलाय. वासात खोट काढायला जागा नाही. असं मशीन पुन्हा मिळणार नाही. घे.

विजेचं बिल वाचतेस यात हसण्यासारखं काही नाही. मी पंख्याशी बोलतो. तो निदान मान हलवतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मशीन बसलं की सविस्तर लिही.

भावोजी


२६ फेब्रुवारी

भावोजी,

आज नमस्कार नाही.

तुमचं ‘घे’ आलं त्याच दिवशी मी इसार दिला. काल लाँड्रीवाल्याची गाडी घेऊन मशीन आणायला गेले. उरलेले पैसे मोजण्याआधी म्हटलं, एकदा पेटवून बघू. सर्दी गेलेली होती. ड्रम तापला मात्र, आणि शेडमध्ये उभं राहवेना. मिरची! बेकरी चालेना म्हणून तो गृहस्थ सहा वर्षं त्याच ड्रममध्ये वाळक्या मिरच्या भाजून विकत होता. लाँड्रीवाला शिंकत शिंकत जो बाहेर पळाला तो गाडीतच जाऊन बसला. बेकरीवाला म्हणतो, हळूहळू जाईल. किती हळू, ते सांगत नाही. आणि इसार परत द्यायला तयार नाही.

घरी येऊन विचार करत बसले की तुमच्या नाकाला ही मिरची कशी कळली नाही. आणि स्वयंपाकघराच्या फळीवर बघते तर पाकीट नंबर दोन तिथेच पडलेलं! उघडलं तर डोळ्यांत पाणी आलं. मग मी तुम्हाला पाठवलं काय? उठून चपलांचं कपाट उघडलं. तिथे मी कुबट वास मारायला दोन वर्षांपूर्वी दाण्यांचं एक पाकीट ठेवलं होतं. त्याची जागा रिकामी आहे. त्या दिवशी कपाट पुसायला म्हणून ते बाहेर काढलं होतं, घाईत दोन्ही पाकिटं एकाच टेबलावर होती, त्यात घोटाळा झाला.

माझ्या रबरी बुटांशेजारी दोन वर्षं मुरलेले दाणे, भावोजी. त्यांना तुम्ही भाजलेले बदाम म्हणालात. गुळचट म्हणालात!

तुम्ही ते पाकीट उघडलंच नाही. नको होतं तर तसं लिहायचं. वेळ नाही म्हणायचं. मला वाटलं होतं, जगात एक तरी माणूस उरलाय जो माझं काम स्वतःचं समजून करेल. आता उरलेल्या पैशांत ते आरशासारखं मशीनसुद्धा येत नाही.

धाकटी


१९ मार्च

ती. भावोजींना नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. रागाच्या भरात लिहून गेले. पाकिटाची अदलाबदल माझ्याच हातून झाली, आणि खापर सगळं तुमच्यावर फोडलं.

भाजून देणाऱ्याने शेवटची पोती पाठवली. ती एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरतील. पुढचं मला माहीत नाही आणि आज ते विचारतही नाही. निदान बरे आहात एवढं लिहा. पोस्टमन रस्त्याच्या टोकाला दिसला की मी गल्ल्यामागून उठून दारात येते. चष्मेवाला म्हणाला, लांबचं तर तुम्हाला चष्म्याशिवाय छान दिसतं.

तुमची,
धाकटी


२७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

पाकीट मी उघडलं होतं. नाक आत घालून बसलो होतो.

मला वास येत नाही, धाकटे. तुझी ताई गेली त्याच्या पुढच्या थंडीत मला आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. दोन वर्षं होऊन गेली. जेवण म्हणजे आता गरम किंवा गार, मऊ किंवा कडक, बाकी काही नाही. दूध ओतू जाऊन करपलं तरी डोळ्यांना दिसेपर्यंत मला पत्ता नसतो.

कुणाला सांगितलं नाही. भाजणाऱ्याचं नाक गेलं म्हटल्यावर त्याच्यात उरलं काय? झाकली मूठ म्हणून गप्प राहिलो. दुकान बंद केलं ते गुडघ्यांचं कारण सांगून. गुडघे माझे ठणठणीत आहेत. फोन काढून टाकला, कारण जुनी माणसं विचारायची, नवा माल आलाय, जरा वास घेऊन सांगता का?

पहिल्या पाकिटाचं लिहिलं ते खरं होतं. ते दाताने आणि डोळ्याने कळतं. दुसऱ्यातले दाणे एकसारखे दिसले. तुझं ते बिलाचं पत्र वाचलं होतं, आणि मला वाटलं, हिला एकदा ‘घे’ म्हणावं. मग बदाम काय, गूळ काय, लिहीतच गेलो. पाच मिनिटं मी पुन्हा पहिल्यासारखा झालो होतो. त्याची किंमत तू भरलीस. याची मला लाज वाटते. तीन आठवडे पत्र याचसाठी अडलं होतं.

आता कामाचं. माझं मशीन मी विकलेलं नाही. मागच्या खोलीत चादरीखाली उभं आहे. तीन किलोचं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी ते तुला द्यायला हवं होतं. पण दिलं असतं तर तू विचारलं असतंस, तुम्ही का नाही भाजत? त्या एका प्रश्नाला भिऊन मी तुला बेकरीच्या शेडमध्ये पाठवलं. सोमवारी ट्रकने निघेल. पैशांचं बोलू नकोस, ते धुराड्याला आणि गॅसला लाव. दाणे टाकल्यावर सात-आठ मिनिटांनी पिवळे पडतील, पुढे दोन-तीन मिनिटांत तडतडायला लागतील. तडतड सुरू झाली की आच कमी कर आणि घड्याळ बघ. दोन मिनिटांच्या आत बाहेर काढ.

एक काम माझं कर. ताईची राखाडी शाल कपाटात आहे. ती गेल्यापासून धुतलेली नाही. ताप येईपर्यंत मी रोज कपाट उघडून शालीचा वास घ्यायचो. आता काही येत नाही. शालीतला गेला की माझ्या नाकातला, हे मला कळायला मार्ग नाही. विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही. मशीनबरोबर शाल पाठवतोय. वास घेऊन लिही, ती अजून आहे का.

ट्रकमध्ये धक्के बसतात म्हणून मशीनचं उष्णता दाखवणारं मीटर आणि दाण्यांची जळकी फोलपटं पडतात तो डबा शालीतच घट्ट गुंडाळून बांधलाय. काचही वाचेल आणि शालही हरवणार नाही.

भावोजी


१६ एप्रिल

ती. भावोजींना नमस्कार.

मशीन आलं. उतरवायला चार माणसं लागली, त्यात चष्मेवाल्याने फक्त सूचना दिल्या. धुराडं छपरावर चार हात गेलंय. पहिला घाणा कोळसा झाला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा मी स्वतः प्यायले आणि चौथा गिऱ्हाइकांना दिला. कुणी कप अर्धवट सोडला नाही. एकाने दुसरा कप मागितला. दुकान आता चालेल, भावोजी. हे तुमच्यामुळे.

तुमच्या नाकावरून मी पहिल्याच पत्रात थट्टा केली होती, ती आठवली की मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि दोन वर्षं तुम्ही हे एकट्याने काढलंत. मी नुसता फोन लावत राहिले, उठून यावं हे मला सुचलं नाही.

पण पत्राला उशीर झाला तो यामुळे नाही. शालीमुळे. चार दिवस ती मांडीवर घेऊन बसले. मी खोटं लिहिणार होते. ‘आहे’ असं एका शब्दाचं पत्र लिहूनही झालं होतं. मग फाडलं. आपल्यात एकदा खोटं लिहून झालंय, तेवढं पुरे.

शालीला धुराचा वास आहे. जुनं तेल, जळकी फोलपटं, करपट. त्या डब्याचा वास. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हुंगली, मानेशी यायची ती बाजू तर पुन्हा पुन्हा. ताईचं केसांचं तेल नाही, पावडर नाही. ते आधीच गेलं होतं की डब्याने खाल्लं, हे मलाही कळायला मार्ग नाही.

पण आणखी एक खरं लिहिते. तुमची समजूत घालायला नाही, झालं तसं लिहिते. लग्नानंतर ताई घरी आली की दारातच आई म्हणायची, आली बघा आमची धुराडी! तिच्या केसांत, बोटांत, कपड्यांत तुमच्या दुकानाचा वास असायचा. मी तिच्या कुशीत झोपायचे आणि सकाळी माझ्या उशीला तोच वास असायचा. परवा चौथा घाणा परातीत पडला, धूर उठला, आणि मी चटकन मागे वळले. ताई आली असंच वाटलं. मागे नुसती भिंत होती, तिच्यावर चष्मेवाल्याने दिलेलं कॅलेंडर.

नाक माझ्याकडे आहे, पण लाँड्रीच्या घरघरीत दाण्यांची तडतड मला ऐकू येत नाही. तुमचे कान घेऊन इकडे या. दुकानाच्या वर एक खोली रिकामी आहे, खिडकी रस्त्याकडे उघडते. याल का?

तुमची,
धाकटी


२ मे

चि. धाकटीस आशीर्वाद.

खरं लिहिलंस, बरं केलंस.

डबा बांधताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. कॉफी शेजाऱ्याचा वास घेते म्हणून जगाला शिकवलं. शालही घेते, एवढं मला सुचलं नाही. ज्याला वास येत नाही तो वास असतो हेच विसरतो. इतके दिवस धुवायलासुद्धा जीव झाला नाही, आणि शेवटी माझ्याच हाताने झालं ते झालं.

तडतड ऐकू येत नसेल तर लांब लाकडी चमचा घे. एक टोक ड्रमच्या पुढच्या पट्टीला टेकव, दुसरं कानाला लाव. लाँड्री कितीही बोंबलली तरी ऐकू येईल.

मी आत्ता येत नाही. तुझ्या दुकानात माणसं कप नाकाशी नेऊन डोळे मिटतील, आणि मी त्यांच्यात कोरडा बसून राहीन. ते मला अजून जमणार नाही. रागावू नकोस. खोली मात्र लगेच कुणाला देऊ नकोस.

‘धुराडी’ मला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांत तिने कधी सांगितलं नाही. तिच्या अंगाला धुराचा वास येतो हे मला कधी कळलंच नाही, कारण माझ्याही अंगाला तोच येत असणार. शालीत मी शोधायचो तो दुसराच होता. धुराखालचा. तो तुला माहीत नाही, आणि मला आता आठवतही नाही.

तुला मात्र ती सापडली. तेव्हा शाल मशीनशेजारी खुंटीला अडकव, धूर लागला तर लागू दे. परत पाठवू नकोस. इथे तिला ओळखणारं कोणी नाही.

भावोजी